फिकट दिसत नाही

मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा पहिला तासभर सगळे आपापली भांडणं विसरले होते. दुपारचे बारा वाजेपर्यंत ती एकेक करून आठवायला लागली.

चार नंबरच्या खोलीत खुर्च्या दोनच होत्या. एकीवर आई बसली होती. अंगावर कामाचा निळा डगला तसाच होता. याच इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत ती तीस वर्षं कामाला होती, आणि सकाळी धाकट्या मुलीला आत घेतल्याचं कळताच हातातली चादर टाकून वर आली होती. दुसरी खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती, जावयाच्या आईसाठी. बाई लग्नाला आल्या नव्हत्या. त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी मुलाच्या घराची पायरी चढली नव्हती. आज मात्र नात बघायला येते, असा त्यांचा निरोप होता.

"त्यांची खुर्ची राखायची, आणि आपण काय खांबासारखं उभं राहायचं?" थोरली म्हणाली. ती शहराची बस चालवायची. आवाज असा, की वडील तिला लहानपणापासून भोंगा म्हणायचे.

"हळू बोल," आई म्हणाली. "इथे मी नोकरी करते."

"तू तीस वर्षं हळूच बोलतेयस. काय मिळालं?"

जावई पाळण्याजवळ उभा होता. बेकरीतून तसाच आलेला, मनगटांवर पीठ. सासू आणि मेव्हणीच्या मध्ये पडायचं नाही, हे तो लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकला होता.

"ताई, पाणी," पलंगावरून धाकटी म्हणाली. तिला घरात सगळे मुंगी म्हणायचे. जन्मली तेव्हा ती तेवढीशीच होती.

थोरलीने पेला तिच्या ओठांना लावला. हा पाचवा. मुंगीचं कपाळ गार लागलं. गार आणि ओलं.

"कसं वाटतंय गं?"

"काहीतरी बिनसलंय ताई. खालून सारखं जातंय. आणि तू लांब असल्यासारखी दिसतेस."

थोरली वळली ती थेट वॉर्डच्या टेबलाशी गेली. मुख्य सिस्टर काहीतरी लिहीत होती. वय पन्नाशीच्या आसपास, टापटीप, केसाची एक बट जागची हललेली नाही.

"चार नंबर. रक्त जास्त जातंय. तिला चक्कर येतेय. डॉक्टरांना बोलवा."

"बाळंतपण झालंय, रक्त जाणारच." सिस्टरने मान वर केली नाही.

"हे मी तुम्हाला तिसऱ्यांदा सांगतेय. दोनदा माझ्या भावोजींनी सांगितलं."

"आणि मी येऊन बघून गेले. पॅड बदलले. बोटाला यंत्र लावलं, आकडा ठीक आहे. ती फिकट दिसत नाही." आता सिस्टरने वर पाहिलं, थोरलीच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या हातांकडे. "तुमच्याकडच्या बायकांना जरा जास्तच बोलून दाखवायची सवय असते. आराम करू द्या तिला."

थोरलीचा आवाज मग बसच्या भोंग्याइतका चढला. "आमच्याकडच्या म्हणजे कुठल्या? माझा जन्म याच इमारतीत झालाय! या मजल्यावर!"

खोल्यांची दारं उघडली. कुठलंसं बाळ रडायला लागलं. सिस्टरने फोन उचलला आणि दोन मिनिटांत रखवालदार आला. तो थोरलीला ओळखत होता, रोज तिच्याच बसने यायचा. "चला ताई," तो खाली मान घालून म्हणाला, "माझ्यावर वेळ आणू नका."

लिफ्टचं दार बंद होताना थोरलीला खोलीच्या दारात आई दिसली. तिला वाटलं, आता तरी आई काहीतरी बोलेल. आईने फक्त ओठांवर बोट ठेवलं.

त्या क्षणी थोरलीला आईचा जितका राग आला, तितका सिस्टरचाही आला नव्हता.

*

जावयाच्या आई त्याच लिफ्टमधून वर आल्या. खाली दारात त्यांना एक सावळी, धिप्पाड बाई रखवालदाराशी हुज्जत घालताना दिसली होती आणि त्यांनी मनाशी म्हटलं होतं, हीच असणार ती बहीण. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. माणूस एका नजरेत ओळखता येतो, असा त्यांचा समज होता.

वॉर्डच्या टेबलाशी त्यांनी चार नंबर कुठे म्हणून विचारलं. मुख्य सिस्टर चटकन उठून उभी राहिली. "या ना. बसा. तुम्ही... त्यांच्यासोबत?"

"मुलगा माझा आहे."

"अच्छा." सिस्टरचा आवाज मऊ झाला, आपल्या माणसाशी बोलताना होतो तसा. "आत जरा गोंधळ चाललाय. तुम्ही मनावर घेऊ नका. या लोकांचं असंच असतं हो. नखाला लागलं तरी अख्खं खानदान गोळा करतात."

बाई जागच्या जागी थांबल्या.

हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं. चार वर्षांपूर्वी, स्वतःच्याच स्वयंपाकघरात, स्वतःच्याच तोंडून. मुलगा लग्नाचं बोलला तेव्हा त्या अगदी हेच म्हणाल्या होत्या, शब्द तेच, सूर तोच. मुलगा ताटावरून उठून गेला होता. त्या वेळी आपण काहीतरी शहाणपणाचं बोललो असं त्यांना वाटलं होतं. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कानात काहीतरी खरखरीत शिरल्यासारखं झालं.

त्या खोलीत गेल्या. मुलगा दारातच भेटला. "आई, कोणी येत नाहीये," तो म्हणाला. चार वर्षांनी आईला भेटून तो पहिलं वाक्य हे बोलला, आणि त्याचा आवाज सातवीतल्या मुलासारखा चिरकला.

बाईंनी आधी पलंगाकडे बघितलं. मुलगी डोळे अर्धे मिटून पडली होती. बाईंना तीही नेहमीच्याच रंगाची वाटली. फिकट दिसत नाही, असं त्यांनाही वाटलं, आणि ते तसं वाटल्याची त्यांना भीती वाटली, कारण त्यांना काय बघायचं हेच कळत नव्हतं.

पलंगाच्या पलीकडे निळ्या डगल्यातली विहीण खाली वाकून कचऱ्याचा डबा उघडत होती.

*

आईने थोरलीला गप्प राहायची खूण केली, त्याला कारण होतं, आणि ते थोरलीला ठाऊक असूनही तिने कधी मान्य केलं नव्हतं. चौतीस वर्षांपूर्वी याच मजल्यावर आईची मोठी बहीण बाळंत झाली होती. तिने हूं की चूं केलं नव्हतं. घरून तसंच बजावलेलं होतं: तिथे आरडाओरडा करायचा नाही, नाहीतर म्हणतील बघा, हे लोक असेच. संध्याकाळपर्यंत ती गेली. कागदावर लिहून आलं, "रुग्ण शांत होती." आई तेव्हा एकवीस वर्षांची. बहिणीचा हात हातात धरून तीही शांतच बसली होती.

आज पोरीचा हात हातात घेतल्यावर तिला तो हात आठवला. तोच गारवा.

तिने मुंगीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढली. आत गुलाबी असायला हवं तिथे कागदासारखं पांढरं होतं. "जीभ दाखव बाळ." जीभ पांढरी. तळहात उताणे केले. पांढरे.

आणि मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं.

ओरडायचं कसं ते आईला येत नव्हतं. पण ओल्या कापडाचं वजन किती असतं, हे या इमारतीत तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. प्रत्येक विभागाचं गाठोडं तिच्या हातून काट्यावर जायचं. अंथरायचा कोरडा पॅड सत्तर ग्रॅम. हे तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ होतं.

तिने हातमोजे चढवले, डब्यातून सकाळपासूनचे पाच पॅड काढून स्वच्छ पिशवीत भरले आणि पिशवी घेऊन बाहेर आली. मार्गिकेत, टेबलाच्या अगदी समोर, बाळांचा वजनकाटा होता. त्यावर तिने पिशवी ठेवली.

"हे काय चाललंय?" सिस्टर उठली. "तू लाँड्रीतली ना? वापरलेल्याला हात लावायची परवानगी कोणी दिली तुला?"

"एक किलो सहाशे नव्वद," आईने आकडा वाचला. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मार्गिकेत सगळ्यांना ऐकू गेला. "पाच पॅड कोरडे साडेतीनशे. राहिले तेराशे चाळीस. हे माझ्या मुलीचं रक्त आहे. सव्वा लिटरच्या वर."

"हे बघ, ते काही—"

"आकडा तुम्ही वाचा सिस्टर. माझ्या सांगण्यावर जाऊ नका. काटा तुमचा आहे."

सिस्टरने काट्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे सरकलं, ते राग होता की दुसरं काही, सांगता येणार नाही. तिचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला.

तो थांबला तेवढ्यात दुसऱ्या एका हाताने फोन उचलला. जावयाची आई.

"डॉक्टरांचा नंबर काय?" बाईंनी विचारलं. पस्तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोहोचवलेला आवाज होता तो. "सांगा. मी वाट बघतेय."

सिस्टरने नंबर सांगितला.

"चार नंबरच्या बाळंतिणीचं तेराशे चाळीस ग्रॅम रक्त गेलंय," बाई फोनवर म्हणाल्या. "नाही, मी नर्स नाही. अंदाज नाही, मोजलंय. कोणी मोजलं?" त्यांनी विहिणीकडे बघितलं. "ज्यांना मोजता येतं त्यांनी."

पुढची पाच मिनिटं मार्गिकेत नुसती पावलं वाजत होती. तरुण डॉक्टरीणबाई जिन्याने धावत आली, पापणी बघितली, पोटावर हात ठेवला आणि एकच शब्द बोलली, "थिएटर." वारेचा तुकडा आत राहिला होता. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. अर्धा तास आणखी गेला असता तर, असं ती नंतर बोलायला लागली आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून तिने वाक्य सोडून दिलं.

दुपारी साडेतीनला मुंगीने डोळे उघडले. पलंगाशेजारच्या दोन्ही खुर्च्यांवर आई आणि सासू बसल्या होत्या. सासूच्या मांडीवर बाळ होतं.

"तुम्ही कधी आलात?" मुंगीने विचारलं.

"फार उशिरा," बाई म्हणाल्या. त्यांना आणखी बोलायचं होतं, पण ते दुसऱ्या कधीतरी.

*

पत्रं दोन आठवड्यांनी आली. एक थोरलीच्या नावाने: नातेवाइकांनी घातलेल्या गोंधळामुळे उपचारांना विलंब झाला. दुसरं आईच्या नावाने: वापरलेलं साहित्य विनापरवानगी हाताळल्याबद्दल खुलासा करावा. दोघींनी चौकशी समितीपुढे हजर व्हायचं होतं.

"बघ," थोरली पत्र नाचवत म्हणाली, "तुझा जीव वाचवला म्हणून आईची नोकरी जाणार, आणि उशीर केला मी!"

मुंगी बाळाला पाजत होती. "मग जायचं."

"जायचंच. पण चौघीच जायचं का?"

"चौघी कोण?" आईने विचारलं.

"तू, मी, ही, आणि बाई." थोरली जावयाच्या आईला बाईच म्हणायची. कारण तिला त्या खरंच शाळेतल्या बाईंसारख्या वाटायच्या, आणि आता त्यात कुचकेपणा उरला नव्हता. "मी जरा विचारून बघते."

कोणाला विचारणार, ते तिने सांगितलं नाही.

समितीची खोली पाचव्या मजल्यावर होती. लांब टेबल, काचेचा जग, तीन माणसं. अध्यक्ष म्हणजे पिकल्या केसांचे शल्यविशारद. त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं. "अर्ध्या तासात आटपू. गैरसमज झालेला दिसतोय."

"गैरसमज नाही," बाई म्हणाल्या. "मी टेबलाशी उभी होते. सिस्टर माझ्याशी काय बोलल्या ते मी लिहून आणलंय. मला खुर्ची मिळाली, या बाईंच्या मुलीला रखवालदार मिळाला. आमच्यात फरक एकच आहे, तो तुम्हालाही दिसतोय. आणि लपवत नाही, ते वाक्य मीही पूर्वी बोललेय. म्हणून मला ते चटकन ओळखता आलं."

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. या बाईबद्दल चार वर्षांत आपण काय काय बोललो ते तिला आठवलं आणि त्यातलं निम्मं तिने मनातल्या मनात मागे घेतलं. निम्मं ठेवलं.

अध्यक्ष आईकडे वळले. "तुम्हाला साहित्य हाताळायचा अधिकार नव्हता, हे मान्य आहे?"

"मान्य आहे," आई म्हणाली. "अधिकार सिस्टरना होता. त्यांनी ते न बघता डब्यात टाकलं. साहेब, आमची माणसं फिकट पडतात, पण ती कुठे बघायची ते माहीत असावं लागतं. पापणीच्या आत बघा, जिभेवर बघा, तळहातावर बघा. एवढं शिकवायला किती वेळ लागतो? माझ्या बहिणीच्या वेळी कोणाला माहीत नव्हतं. त्याला चौतीस वर्षं झाली. ती ओरडली नाही म्हणून गेली. माझी थोरली ओरडली म्हणून तिला बाहेर काढलं. मग आम्ही नेमकं किती आवाजात बोलायचं, ते तरी एकदा सांगून टाका."

अध्यक्षांनी समोरचा कागद उचलला. तेवढ्यात बाहेरचा आवाज ऐकू यायला लागला. आधी एक बाळ, मग चारपाच, मग कितीतरी.

"बाहेर काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"उघडून बघा," थोरली म्हणाली.

त्यांनी स्वतः उठून दार उघडलं. पाचव्या मजल्याची मार्गिका या टोकापासून त्या टोकापर्यंत बायकांनी भरली होती. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या हाताशी, कोणी बाबागाडी घेऊन, कोणी काठी टेकत. दोघीतिघींच्या हातात नुसते फोटो होते. थोरलीने महिनाभर बस चालवताना दर थांब्यावर चढणाऱ्या ओळखीच्या बाईला एकच प्रश्न विचारला होता: तुझ्या बाळंतपणात तुझं ऐकलं का? नाही म्हणाली, तिला तिने आजची तारीख सांगितली होती.

"किती जणी आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकेचाळीस," थोरली म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतक्या हळू बोलली. "बेचाळिसावी येतेय, तिची बस चुकली."

अध्यक्षांनी मार्गिकेच्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग परत आले, घड्याळ उचलून खिशात घातलं आणि म्हणाले, "पहिल्या बाईंना आत बोलवा. खुर्च्या आणा. सगळ्यांसाठी."

दोन दिवस लागले. काहीजणी दोन वाक्यं बोलून उठल्या, एक आजी दीड तास बोलली आणि तिला कोणी थांबवलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी निकाल वाचला गेला. थोरलीवरचा ठपका काढून टाकला. आईला दिलेली नोटीस रद्द. मुंगीची लेखी माफी मागायची, इस्पितळाच्या नावाने आणि सहीनिशी. यापुढे दर बाळंतिणीचं रक्त वजन करून मोजायचं. नातेवाइकांनी मागितला तर दुसरा डॉक्टर तिथल्या तिथे बोलवायचा. आणि मार्गिकेतल्या त्या बायकांपैकी तिघी यापुढे समितीवर बसणार. शेवटी एक ओळ होती. प्रसूती विभागाच्या सगळ्या परिचारिकांना सगळ्या रंगांच्या कातडीवरचा फिकटपणा ओळखायला शिकवायचं, आणि पहिला तास लाँड्रीतील कर्मचारी घेतील.

"म्हणजे कोण?" आईने विचारलं.

"म्हणजे तू!" थोरली एवढ्या मोठ्याने ओरडली की काचेचा जग हलला. मुंगी हसता हसता रडायला लागली, बाळही लागलं, आणि जावयाने सासूला चक्क मिठी मारली.

आई ओशाळली. "माझ्याकडे बरा डगला नाहीये," ती म्हणाली.

"मी शिवून देते," बाई म्हणाल्या.

*

खाली उतरताना त्यांना प्रसूती विभागावरून जावं लागलं. टेबलाशी एक पोरसवदा बाई उभी होती. त्यांच्याच रंगाची, दिवस भरत आलेली, एक हात पाठीशी. सोबत कोणी नव्हतं. टेबलामागे मुख्य सिस्टर होती.

"डोकं दुखतंय," ती पोरगी चाचरत म्हणत होती. "काल पण दुखत होतं. तुम्ही बिझी असाल तर मी उद्या येते."

थोरली पुढे व्हायला गेली. आईने तिचा दंड धरला. या वेळी गप्प राहायची खूण नव्हती. तिला बघायचं होतं.

सिस्टरने मान वर केली. समोरच्या मुलीच्या मागे, जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या चौघी तिला दिसल्या. तिचा चेहरा लाल झाला. मग तिने त्यांच्यावरून नजर काढली, त्या मुलीकडे बघितलं, नीट, आणि खुर्चीवरून उठली.

"उद्या नाही," ती म्हणाली. "बस इथे. आधी रक्तदाब बघू. आणि कधीपासून दुखतंय, पहिल्यापासून सांग. मी ऐकतेय."

ती मुलगी बसली आणि सांगायला लागली.